कळक

सव्वीस वर्षं दारूगोळ्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती.
खोली कसली, जिन्याखालचं कपाट,
खिडकीतून सरोवराचा एक कोपरा,
एप्रिलपर्यंत गोठलेला.
वहीचं पहिलं पान अठ्ठावन्न सालचं:
अडतीसची काडतुसं, शिशाची, गोल नाकाची,
एकशे अठ्ठावन्न ग्रेन, पन्नासाची खोकी चाळीस.
अक्षर माझंच. तेव्हा वळणदार होतं.

माणशी बारा. सहा चाकात, सहा पट्ट्यावर
चामड्याच्या घरांत.
सरावाची वेगळी, सपाट तोंडाची, मऊ,
कागदात भोकं पाडायची
तिकीट तपासनिसाच्या चिमट्यासारखी.
हिवाळ्यात ती आम्हीच भरायचो,
टायरवाल्या नॅन्कर्विसकडचं भंगार शिसं वितळवून.
बायको म्हणायची, तुझ्या कोटाला
विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो.

बाहत्तरच्या मार्चात डेट्रॉइटहून विक्रेता आला,
गाडीत ओल्या मातीचे दोन ठोकळे घेऊन.
एकात जुनी गोळी मारली, एकात पोकळ नाकाची.
तारेने कापून दाखवले, पनीर कापावं तसे.
जुनीचा बोगदा, पेन्सिल जाईल एवढा.
नवीची गुहा. माझी मूठ बसली तिच्यात.
"जुनी आरपार जाते, मागच्याला लागते," तो म्हणाला.
"ही थांबते."
"कशात?" पाद्री हेक्किलांनी विचारलं.
विक्रेत्याने तार पुसली.

समितीच्या तीन बैठका झाल्या.
पोरांना तीनशे सत्तावन्न हवी होती,
ड्वेन राउटिओ तर हाताने आवाज काढून दाखवायचा.
खजिनदाराला खोक्यामागे किती सेंट वाढतील ते हवं होतं.
पेपरवाल्याने "पोकळ" या शब्दाखाली रेघ ओढली.
तिसऱ्या रात्री कुणीतरी म्हणालं, आइनोला विचारा.

आमच्यात माणसावर गोळी झाडलेला तो एकटाच.
चौसष्ट साल, तीन नंबरच्या खाणीमागचं शेवटचं घर,
आत एक माणूस, बंदूक, आणि आठवडाभराची दारू.
आइनोने दोन झाडल्या. दोन्ही लागल्या.
एक पलीकडे निघून पिठाच्या डब्यात शिरली.
माणूस पडला नाही.
चालत आला, पायरीवर बसला,
बंदूक बाजूला ठेवली, छत्री ठेवावी तशी.

"म्हणजे गोळी कमी पडली," अध्यक्ष म्हणाले.
आइनो बराच वेळ टोपीचा काठ फिरवत राहिला.
"त्याने पाणी मागितलं," तो म्हणाला.
"मी दिलं."
आणि बसला.
हे कुठल्या बाजूचं मत, ते कार्यवाहाला कळेना.
त्याने ते लिहिलंच नाही.

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर. पोकळ नाकाची.
जुनी जमा करायला सगळे रांगेत उभे राहिले.
आइनो शेवटी आला. चाकातली सहा चटकन निघाली.
पट्ट्यावरची निघेनात.
चामड्यात राहून राहून पितळ कळकलं होतं,
कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं हिरवं,
घरांना चिकटून बसलेलं.
पाच मी पिळून काढली.
सहाव्याला शिवण उसवावी लागली.

नियम होता नष्ट करा असा. मी मात्र
त्या संध्याकाळी ती सहा मैदानावर नेली.
बर्फ वितळून चिखल झाला होता, वर कावळे.
पाच वाजली.
एक नुसती खट् झाली.
पुन्हा चाक फिरवून पाहिलं. खट्.

पट्ट्यावर ती कितवी होती
ते मी काढतानाच बघायला हवं होतं.
वहीत लिहिलं: परत, बारा.
आइनोची सही तिरकी आहे,
खाली बोटाचा एक हिरवा डाग.