हद्द

पहाटे साडेचारला लुद्विकनं दार वाजवलं.
एका डब्यात लाल, एकात पांढरा,
दोन ब्रश, तारेचा घासणा,
पावात चीज, आणि एक शिवी
माझ्या नव्या बुटांना.

सोचा नदी अजून अंधारात
नुसता आवाज होती.

हा डोंगर सरळ छातीवर येतो.
बीचचं रान सुटलं की आडवी, बुटकी पाइनची झुडपं,
ती सुटली की घसारा:
पाऊल वर टाकावं, अर्धं खाली यावं.
गोट्यांतून मध्येच गंजकी काटेरी तार,
शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी खंदकाची.
लुद्विक ती बुटानं बाजूला सारतो,
घरातली खेळणी सारावीत तशी.

"इथे?" मी विचारते प्रत्येक मोठ्या दगडाशी.
"इथे नको. इथे वाट स्वतःच बोलते आहे.
जिथे माणूस थांबतो, मागे बघतो,
हात कमरेवर ठेवतो, तिथे."
मग तो थांबतो, मागे बघतो,
हात कमरेवर ठेवतो,
आणि मला कळत नाही
हे शिकवणं आहे की गुडघा.

आधी तारेनं दगडफूल खरवडायचं.
मग पांढरा ठिपका, मुठीएवढा.
तो सुकेपर्यंत बोलायचं नाही,
हा नियम त्याचा, मंडळाचा नव्हे.
मग भोवती लाल कडं.
माझं पहिलं कडं अंड्यासारखं झालं.
त्यानं बराच वेळ बघितलं,
म्हणाला, धुक्यात चालेल.

एकोणतीस वर्षं त्यानं या खोऱ्यात टपाल वाटलं.
वरच्या वस्तीत नऊ घरं होती,
आता दोन धुराडी चालू आहेत.
"पत्रं आटली तसा मी डोंगर घेतला," म्हणतो,
"इथेही पत्ताच लिहायचा,
माणूस तेवढा माहीत नसतो."

कड्याला लोखंडी खुंट्या, पोलादी दोर.
नाकाशी ओल्या कातळाचा वास.
त्याचा श्वास माझ्याखाली, शिट्टीसारखा.
पाठीवर रंग डुचमळतो.
मी खाली बघत नाही. मग बघते.
छपरं नाहीत, रस्ता नाही,
फक्त हिरव्या दोऱ्याचा एक तुकडा.

खिंडीत तो बसला.
"आपली हद्द संपली."
शिखर तिथून वीस मिनिटं.
तो टप्पा पलीकडच्या गावच्या मंडळाकडे,
ज्यांच्याशी एका शिडीच्या पैशावरून
एक्क्याऐंशी सालापासून बोलणं नाही.
"तुम्ही वर कधी..."
"गेलोय. लग्नाआधी.
तू जा. डबा घेऊन जा,
इथे वाऱ्यानं लवंडेल."

त्यांच्या खुणा फिकट, काही पार गेलेल्या.
एका दुभंगलेल्या कातळाशी मी थांबले,
मागे बघितलं.
हात कमरेवर होता.

माथा जेवणाच्या टेबलाएवढा.
दक्षिणेला, डोंगर संपतात तिथे, एक चकचकीत रेघ.
ढग असेल. मी समुद्र ठरवला.
खालच्या कपारीत एक आयबेक्स, रवंथ करत,
मला फारशी किंमत न देता.
पत्र्याच्या पेटीत वही आणि शिक्का,
शाईची गादी वाळून खडखडीत.
शिक्क्याला आमचा लाल रंग लावला,
मनगटावर उठवला. उलटा आला.

उतरले तेव्हा लुद्विक बूट काढून बसला होता.
मोज्याला भोक, भोकातून अंगठा उन्हात.
समुद्र दिसला का, वारा किती होता,
काही विचारलं नाही.
"त्यांच्या खुणा कशा आहेत?"
"फिकट."
तो हसला, लहान मुलाच्या दुष्टपणानं.
मग झाकण काढून डब्यात डोकावला,
माझ्या मनगटाकडे बघितलं,
पुन्हा डब्यात.
"एका शिक्क्याला एवढा रंग लागत नाही."

मी चीज कापत राहिले.

"गोल आलं का, नीट?"
जवळजवळ, मी म्हटलं.

त्यानं बूट चढवले, गाठ दोनदा मारली,
आणि न बोलता उतरायला लागला.
दुसऱ्या वळणावर माझं सकाळचं अंडं,
सुकलेलं, उन्हात लालभडक.
त्याच्यापाशी तो थांबला.
गुडघाच असावा.