दिवा जमा नाही

सिव्हिल कोर्टाच्या स्टेशनात सरकता जिना
खाली निघाला, तसे बाबा थांबले.
मागच्या माणसाने च्च केलं. पुण्यात तेवढं चालतं.
"किती खोल हाय?"
शंभरेक फूट असेल, मी म्हटलं.
"म्हणजे काहीच नाही," म्हणाले, आणि पाय टाकला,
उजव्या हाताने कपाळावर काहीतरी चाचपत.

तिथे टोपीची खूणसुद्धा नव्हती कधी.
बाबांनी कोळसा खणला नाही.
दिवाघरात कारकून. बत्तीस वर्षं एका खिडकीत.
माणूस यायचा, पितळी बिल्ला ठेवायचा, दिवा न्यायचा.
वर आला की दिवा ठेवायचा, बिल्ला न्यायचा.
जावई काय करतात विचारलं की
आजोबा सांगायचे, खाणीत ऑफिसर.

त्या रात्रपाळीला तीन नंबरच्या चानकातून
चौऱ्याऐंशी उतरले.
शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीत
कित्येक पावसाळ्यांचं पाणी साठून होतं.
मधली भिंत साठ फूट जाड.
नकाशात.

भोंगा अवेळी वाजला तेव्हा मी सहा वर्षांची,
आई म्हणाली झोप, आणि स्वतः चप्पल शोधत राहिली.
सकाळी खिडकीत त्र्याहत्तर दिवे आले.
ओले. काही अजून चालू.

फळीवर अकरा बिल्ले.
दोनशे सात, पोचम येल्पुला, याला सुट्टे पैसे हवे असायचे.
एकशे बारा, कवडू ठेंगणे.
तीनशे चाळीस, मनिराम केवट, त्या दिवशी त्याची पाळीच नव्हती,
बदली आला होता, कोणाच्या ते बाबा सांगत नाहीत.
एकोणनव्वद, भिवा मडावी.
इस्माईल, ज्याचा नंबर ते विसरले
आणि विसरले म्हणून दोन दिवस जेवले नाहीत,
इथे, माझ्या सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये,
इतक्या वर्षांनी.
बाकीचे सहा ते मनात म्हणतात. ओठ हलतात.

पंप चाळीस दिवस चालले.
मग कंपनीचं पत्र आलं, दिवाघराच्या नावे:
अकरा दिवे, बॅटरीसह, नोंदवहीत परत दिसत नाहीत,
खुलासा करावा.
बाबांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी खुलासा केला.
त्याची कार्बन प्रत लोखंडी पेटीत आहे,
माझ्या शाळेच्या दाखल्याखाली.
अकरा ओळी. प्रत्येक ओळीत नंबर, नाव,
आणि शेवटच्या रकान्यात तेच तीन शब्द.
बाराव्या ओळीत: वसुली कोणाकडून करावी, कळवावे.
कोणी कळवलं नाही.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टोपलीतून
परवा त्यांनी एक खडा उचलला,
वजन केलं हातात, परत ठेवला.
"हा लाकडाचा हाय."
इस्त्रीवाला म्हणाला, मग कशाचा असणार, आजोबा?

फलाटावर ते बाकावर बसले. गाडी आली, बसले. दुसरी आली.
बाबा, जायचंय ना आपल्याला?
"थांब नं. उतरू दे."
तिसऱ्या गाडीनंतर गार्ड येऊन पाहून गेला:
पांढरा शर्ट, खिशाला पेन, म्हातारा, निरुपद्रवी.
त्यांचे डोळे जिन्याकडे. बोटाची पेरं अंगठ्याखाली
एकेक सरकत होती. जपासारखी, पण जप नव्हता तो.

शेवटी वर आलो. गेल्याच ठिकाणी.
यंत्राला तिकीट दाखवल्याशिवाय झडप उघडत नाही
हे त्यांना समजावावं लागलं नाही.
पलीकडे गेले, वळले,
आणि वाट अडवून उभे राहिले.
पाठीवर लॅपटॉप लावलेली मुलं त्यांना चुकवून जात होती,
एक बाई मोगऱ्याची पिशवी घेऊन,
शाळेतला मुलगा, त्याचा उलटा शर्ट,
कोणाच्याच कपाळावर काही नाही,
सगळ्यांचे चेहरे स्वच्छ.

"आले का सगळे?"

आले, मी म्हटलं.
मोजले नव्हते.