घासलेली काच

रात्री अडीचला एक्स-रेचं यंत्र ढकलत नेते मी
अतिदक्षता विभागात. एक चाक कुरकुरतं.
सहा नंबरला ग्रॅहम हिंगली, वय अठ्ठावन्न,
स्टॉवरब्रिजचे काच फुंकणारे.
पाच दिवस फ्लू अंगावर काढला,
"नुसती सर्दी आहे," म्हणाले बायकोला,
सहाव्या दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले
ते उठलेच नाहीत.

माझ्या कामात रंग उलटे असतात.
काळं ते शुभ. काळं म्हणजे हवा.
परवा तळाशी पांढरं होतं,
दुलईतून कापूस डोकवावा इतपत.
आज खांद्यापर्यंत.
भिंतीला ओल चढायलाही एक पावसाळा लागतो,
याला छत्तीस तास पुरले.

आत काय झालं ते परीक्षेपुरतं शिकले होते :
श्वासनळीत बारीक केसांचं रान असतं,
उभ्या जोंधळ्यासारखं सतत डोलणारं,
धूळ वर वर लोटणारं.
ते आधी भुईसपाट.
मग वाट मोकळी, थेट त्या कोट्यवधी फुग्यांपर्यंत
ज्यांची भिंत एका पेशीची,
वारा आणि रक्त यांच्यात एवढाच आडपडदा.
तो फाटतो.
जिथं फक्त वारा यायचा तिथं पाणी झिरपतं,
आणि राखणीला धावलेले आपलेच शिपाई
चोर सापडेना म्हणून घर पेटवतात.
कुंपणानं शेत खाल्लेलं
मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलं होतं.
इथं ते पडद्यावर दिसतं.

फुगे मिटतात, ओल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे,
बाजू बाजूला चिकटून.
उरलेल्यांना आतून सायीसारखा थर धरतो.
साय हा शब्द मी घरी वापरते, दुधाबद्दल.
नंतर थोडे दिवस वापरला नाही.

रिपोर्टात डॉक्टरांनी लिहिलं :
दोन्ही बाजूंना घासलेल्या काचेसारखी छाया.
ठरलेले शब्द. कुणाचाही धंदा न विचारता लिहितात.
बाहेर जॅनिस हिंगली, मांडीवर त्यांचे बूट घेऊन बसलेल्या.
"काय दिसतं हो?"
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.

सात जणांनी मिळून त्यांना पालथं घातलं,
नळ्या सांभाळत, 'तीन' म्हटल्यावर एकदम.
पाठीकडचे फुगे उघडावेत म्हणून, सोळा तास.
यंत्र मोजून मापून फुंकत होतं :
जोर जास्त झाला तर फाटतं,
कमी पडला तर मिटतं.
हे हिंगलींना कुणी शिकवायला नको होतं.

आई म्हणायची, दिवा फुंकून विझवू नये,
फुंकर उष्टी असते.
या माणसाच्या उष्ट्या फुंकरीनं
चाळीस वर्षं वाळूच्या सुरया झाल्या.

मे महिन्यात ते आले. चालत, काठी घेऊन.
दारापासून यंत्रापर्यंत नऊ पावलं,
मधे एकदा थांबून.
मला ओळखलं नाही, कसं ओळखणार.
म्हणाले, आता मी नळी नुसती फिरवतो,
फुंकतो तो पोरगा.
भलत्या वेळी फुंकतो.

गार पाटीला छाती लावून उभे राहिले.
मी रोजचंच बोलले :
पूर्ण श्वास घ्या. धरा.

काळं परतलं होतं, बरंचसं.
तळाशी पांढरे तंतू,
उसवून पुन्हा घातलेल्या शिवणीसारखे.
ते आता राहणार.
मी त्यांच्याकडेच बघत बसले
आणि 'सोडा' म्हणायचं राहून गेलं.

काचेपलीकडे ते उभे,
गाल फुगलेले, मानेची शीर ताठ,
खोकला दाबून,
माझ्या हुकमाची वाट बघत.