पावती
(काबिली डोंगर, १८७१)

पहिल्या दिवशी फ्रेंच पलटणीनं जव मागितले.
आमच्या मातीच्या कोठीला तीन भोकं, एकाखाली एक,
प्रत्येकाला झाडाच्या सालीचं बूच.
सार्जंटनं वरचं काढलं. काही नाही.
मधलं काढलं. तिथंही हवाच.
खालचं काढलं तेव्हा जव त्याच्या बुटांवर सांडले
आणि तो यम्माकडे बघून हसला,
जणू चोरी पकडली,
तिच्याच घरात, तिच्याच धान्याची.

मग तेल. मग सुकी अंजिरं, पाट्यांसकट.
मग दर बंदुकीमागे दंड.
आमच्याकडे बंदूक नव्हती;
नसलेल्या बंदुकीचा दंड थोडा जास्त होता.

वरचे लढणारे रात्री यायचे.
तेही उपाशी, तेही मागायचे.
त्यांना नाही म्हणताना यम्मा रडायची,
एवढाच काय तो फरक.

बाजाराच्या दिवशी खेचर नेलं,
तोफेची चाकं चढावर वाहायला.
ते परक्या हाताला लाथ मारतं,
म्हणून हाकायला मेझ्यानला नेलं.
बारा वर्षांचा. दुखऱ्या कानात लोकरीचा बोळा.
कारकुनानं पावती दिली, निळ्या शिक्क्याची.
वाचणारं कोण आहे आमच्यात?
यम्मानं ती ताइताच्या कातड्यात शिवून टाकली.

अंजिराची झाडं तोडली, ते मी सांगत नाही.
तो आवाज दरीपलीकडे गेला होता,
तिकडच्यांना विचारा.

एकोणिसाव्या रात्री दारात खूर वाजले.
खेचर एकटंच. खांद्यावर जखम,
पुठ्ठ्यावर डागलेला आकडा.
यम्मानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कुठंय?
पुन्हा पुन्हा, कुठंय,
जणू ते मुद्दाम बोलत नव्हतं.

सकाळी शिपाई आले. म्हणाले, जनावर सरकारी आहे, आकडा बघा.
तिनं ताईत उसवला, कागद पुढे केला.
दुभाष्यानं आधी मनात वाचला, मग मोठ्यानं:
खेचर, एक. तपकिरी. वय सहा. खोगीर. दोर, अडीच वाव.
"आणि?" यम्मा म्हणाली.
त्यानं कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी.
"आणि?"

खेचर गेलं, लाथा झाडत.
या खेपेला हाकणारा कुणी मागितला नाही.
एकानं माझ्याकडे पाहिलं होतं,
मग दोराची लांबी मोजत बसला.