एकवीसपर्यंत

शनिवार. चर्चच्या मागची विटांची खोली,
वीज साडेचारलाच गेलेली.
पिशवीत अकरा चमचे, मंडासीचं एक पुडकं,
दाराशी बादलीभर पाणी, सरोवराचं,
आणि माझ्या वहीत शीर्षक, दोनदा अधोरेखित:
धीर.

पोरं चौदा ते सतराची.
या वयात हा शब्द नुसता उच्चारला
तरी जांभया सुरू होतात.
म्हणून खेळ.

चमच्याने पाणी पलीकडच्या डब्यात न्यायचं होतं.
चावानांग्वाने दोन मिनिटांत निकाल लावला:
बादलीलाच तोंड लावलं, गाल फुगवून धावला
आणि डब्यात चूळ सोडली.
हे नियमात बसत नाही, मी म्हटलं.
"पण पाणी तर पोचलं ना, टीचर?"
सगळे हसले. मीही, वहीआडून.

मग हातांची गाठ.
कुणाचा हात कुणाच्या मुठीत, पत्ता नाही,
वेझीच्या काखेखालून तावोंगाचं डोकं,
आणि मधोमध कुणीतरी
माझ्या पायावर कोण उभं आहे, हे
इतक्या नम्रपणे विचारत होतं
की प्रार्थनाच वाटावी.
गाठ सुटली नाही. आम्हीच सुटलो.

तिसरा खेळ मी वेळ उरला म्हणून काढला.
गोल बसा. डोळे मिटा.
एक ते एकवीस मोजायचं.
कोणता आकडा कुणी म्हणायचा, ते ठरवायचं नाही.
दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून.

चारवर आपटलो. सातवर. परत चारवर.
तेरापर्यंत गेलो तेव्हा वितुम्बिको आनंदाने ओरडला
आणि तो ओरडाच चौदा धरावा का
यावर भांडण पेटलं.
बाहेर वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास
वाऱ्याबरोबर आत येऊन बसला.

लुसुंगुने एकही आकडा म्हटला नव्हता.
तिची जीभ शब्दाच्या उंबरठ्यावर अडते.
रविवारी शास्त्रवाचनाच्या यादीत
गेली दोन वर्षं मी तिचं नाव घालत नाही.
तिला त्रास नको म्हणून, असं सांगते.
खरं तर उपासना लांबते.

सोळा. कुणीतरी.
बऱ्याच वेळाने सतरा.
अठरा, चावानांग्वा, आणि चक्क हळू.
एकोणीस.
वीस.
आणि मग काहीच नाही.

इतकं काहीच नाही
की लाट वाळूला टेकून माघारी वळते
त्या वळण्याचासुद्धा आवाज आला.
अकरा पोरं, एकच आकडा उरलेला,
कुणीही उचलला असता.
कुणी उचलेना.
झोपली की काय, मला वाटलं.
तेवढ्यात डावीकडून
ए,
बारीक, अडकलेला,
काळोखात आतून कडी चाचपावी तसा.
ए. ए.

रस्त्यावर शेवटच्या मिनीबसचा भोंगा वाजला.

एकवीस, मी म्हणून टाकलं.

तिच्याही तोंडून त्याच क्षणी तेच.

डोळे उघडले तर अंधार पडलेला,
आणि त्यात अकरा चेहरे, माझ्याकडे.
कुणी रागावलं नाही,
तेच जड गेलं.
"दोघी एकदम, टीचर," चावानांग्वा म्हणाला.
नियम म्हणजे नियम, हे त्याने
मला आज दुपारीच ऐकलं होतं.

मिनीबस गेली. चढावर तिने गिअर बदललेला ऐकू आला.
मी पिशवी खांद्यावरून उतरवली,
घड्याळ काढून चमच्यांत टाकलं.
पुडकं फोडलं. मंडासी थंड, चिवट,
पण प्रत्येकाला एक पुरली, वर अर्धी उरली.
खिडकीतून पाण्यावर मच्छीमारांचे दिवे दिसत होते,
इथे एक, मग लांब तिथे एक,
आपसात काही न ठरवता लागत गेलेले.

पुन्हा एकपासून.
डोळे मिटले.
कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.
मग डावीकडून
ए

आम्ही बसून राहिलो.

क.