पडद्यात कोणी दिसू नये

मागची बाजू पांढरी हवी, असा नियम.
मावशीनं पलंगावरची चादर ओढली,
भिंतीत चार खिळे ठोकले.
वालपराईसोच्या या टेकडीवर
सरळ भिंत मिळणं मुश्कील,
इथं उतार आधी आला, घर मागाहून.
टीव्ही जरासा कलंडला.
असू दे, म्हटलं, समुद्राकडेच कलतोय.

नियम मी वाचते, ती ऐकते.
इस्मेनियामावशीचे डोळे आता
बारीक अक्षरांना दाद देत नाहीत,
पण कपॅसिटर फुगलाय का
हे ती नुसता अंगठा फिरवून सांगते.

वस्तूची अवस्था निवडा:
नवीन. नव्यासारखी. नूतनीकृत. वापरलेली.
"नूतनीकृत लिही," ती म्हणाली, "मीच केलंय की.
पॉवर बोर्ड बदलला, दिव्यांच्या तीन पट्ट्या बदलल्या."
मी खाली सरकले. तसं लिहायचं तर
कंपनीचं प्रमाणपत्र जोडायचं.
एकतीस वर्षं बंदराजवळच्या गाळ्यात
तिनं जहाजांवरचे रेडिओ उघडले, मिटले.
तिच्याकडे कागद होते ते भाड्याच्या पावत्यांचे.
"मग वापरलेली लिही,"
सोल्डरची तार गुंडाळत ती म्हणाली,
"मीही त्याच खान्यातली."

फोटो पाठवला. अकरा मिनिटांत परत आला:
चित्रात व्यक्ती दिसत आहे.
कुठली व्यक्ती? मोठं करून पाहिलं.
बंद पडद्याच्या काळ्या काचेत
मावशी, दोन्ही हातांत फोन,
बाँब निकामी करणाऱ्यासारखा चेहरा,
आणि मागे मी, तोंडात पाव.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी बाजूला झालो,
तर खिडकी आली, दोरीवरचे मोजे आले,
अर्धं मालवाहू जहाज आलं.
व्यक्ती नसली तरी
विक्रीबाह्य वस्तू दिसत आहेत.
जहाज विकत नाही आम्ही, मावशी ओरडली,
पण ऐकायला तिथे होतं कोण?
तिसऱ्या खेपेला दिवे घालवले.
चित्र अस्पष्ट.

मग तिनं दुसरी चादर घेतली,
कात्रीनं मधोमध भोक पाडलं,
पांघरली, भोकातून फोन बाहेर काढला.
आता पडद्यात फक्त पांढरं.
मंजूर.
भूत चालतं, माणूस नको,
एवढंच ती बोलली, आणि चहा टाकला.

पुढचेही नियम होते.
बांधताना व्हिडिओ काढा, वजन नोंदवा.
हा आम्ही न सांगता पाळतो:
गेल्या महिन्यात कॅमेरा परत आला तेव्हा
खोक्यात मिठाचा पुडा होता,
ग्रॅमला ग्रॅम बरोबर.
ते मीठ अजून संपायचंय.

गिऱ्हाईक मिळालं थेट पुंता अरेनासचं,
कोणी बाल्दोमेरो. त्यानं विचारलं:
दुरुस्ती कुणी केली?
मावशी लगेच सांगायला लागली,
नाव, दोन्ही आडनावं, गाळ्याचा नंबर.
मी टंकलं, पाठवलं,
आणि डोळ्यांदेखत त्याचे तारे झाले.
खाजगी माहिती देण्यास मनाई आहे.
तारे मोजले मी. नाव लांब होतं.

ती काही बोलली नाही.
बांधलेली पेटी सोडली,
टीव्ही पालथा घातला, मागचे चौदा स्क्रू काढले,
झाकणाच्या आतल्या बाजूला
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं
कोरलं: इस्मेनिया, मार्च.
पूर्वी रेडिओंच्या पोटात कोरायची तसं.
पुढे कधी हा बिघडला
तर उघडणाऱ्यानं वाचावं.
आतून काय लिहावं, लिहू नये,
याबद्दल मी पुन्हा सगळं वाचून पाहिलं.
नियम काहीच म्हणत नाहीत.

नऊ किलो चारशे ग्रॅम. मावशी म्हणाली,
"पाहिलंस? नावाला वजन नसतं."
चौदा स्क्रूंपैकी तेरा परत बसले,
एक पलंगाखाली गेला.

चादरी पुन्हा पलंगावर.
रात्री दक्षिणेचा वारा सुटला,
आणि भोकातून माझा अंगठा
बाहेर गारठत राहिला.