मिनिटाला चार फेरे

माळ्यावरून अप्पांनी मोटार काढली.
गणपतीच्या मागचं चक्र फिरवते ती,
जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली.
"मिनिटाला चार फेरे. ना कमी ना जास्त," म्हणाले,
"बेस्टच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली,
वेग मला नुसता ऐकून कळतो."

पीव्हीसीचा तुकडा, दोन बेअरिंग,
धाकटीच्या पोहायच्या फोमच्या नळीचा बुंधा,
आणि चारकोपच्या आमच्या दोन खोल्यांत,
शिलाई मशीनच्या टेबलावर,
कारखाना उभा राहिला.

भुलेश्वरहून आणलेले स्टीलचे टंबलर.
आधीच चकचकीत.
तरी पहिलं काम ते घासून मंद करायचं,
नाहीतर चमकी धरत नाही.
हे शिकायला मला तीन टंबलर लागले.
मग काठाला बोटभर चिकटपट्टी:
जिथे ओठ लागतात तिथे चमकी चालत नाही.

दोन बाटल्या, समसमान, वजनकाट्यावर.
ढवळायचं ते खिरीसारखं, घाई न करता,
घाई केली की बुडबुडे.
जुलैत वरचा थर दुधाळ पडतो,
मग पुन्हा घासा, पुन्हा ओता.
आणि फिरवत ठेवा, सहा तास, अजिबात न थांबता;
थांबलं की सगळं एका बाजूला ओघळतं,
खाली लोंबतो एक थेंब
अर्धवट बोललेल्या वाक्यासारखा.

चमकी मात्र कुणाचं ऐकत नाही.
वरणात निघाली. पासबुकात निघाली.
विलासच्या भुवईत निघाली, ते नेमकं ऑडिटच्या दिवशी.
भाजीवाला म्हणाला, "ताई, घरात लग्न आहे का?"

घरात नव्हतं. मुलुंडला होतं.
जोडीची ऑर्डर: मोरपिशीवर 'मृण्मयी',
तांबूसवर 'निहार'.
'ण'ला 'म' जोडताना स्टिकर दोनदा फाटला,
निहार एका दमात बसला.
शेवटचा थर ओतला आणि रात्री दोनला वीज गेली.
मी मेणबत्ती शोधतेय तोवर
अप्पा स्टुलावर बसलेसुद्धा,
मोटारीचा दांडा दोन बोटांत धरून.
पन्नास मिनिटं, अंधारात, हाताने.
मोजत नव्हते. नुसते फिरवत होते.
वीज आली तेव्हा घड्याळ लावून पाहिलं मी:
चार.

पाचव्या दिवशी फोन आला.
"एकच न्यायचाय. पैसे दोन्हीचे घ्या."
ती आली, उंच, केस ओले,
टंबलर खिडकीपाशी नेऊन तिरका धरला,
बोट फिरवलं वरून खालपर्यंत.
"कुठेच उंचवटा नाही," म्हणाली.
मी अर्धे पैसे परत दिले,
तिने ते शिलाई मशीनवर ठेवले, कात्रीखाली,
आणि चपला घातल्या.

निहार खरवडून काढायला घेतला होता मी.
कागद ओला केला होता, ऐंशी नंबरचा.
अप्पा म्हणाले, "राहू दे. त्याने काय केलंय?"

तेव्हापासून आमच्याकडे निहार आहे.
निहार धुतलास का?
निहार फ्रिजमध्ये आहे, ताक भरून.
निहारला हात लावू नका, तो अप्पांचा.
परवा ओट्यावरून पडला,
बुडाला पोचा आला, थर तडकला नाही.
ज्याचं नाव आहे त्याला हे कधी कळणार नाही,
आणि आम्हाला त्याचं आडनावही ठाऊक नाही.

भाद्रपदात पाच दिवस ऑर्डरी बंद.
मोटार परत मखरामागे.
आरती संपून टाळ खाली ठेवले
की ऐकू येतं: दर फेऱ्याला एक टक्.
दांड्यावर कधीतरीचा थेंब सुकलाय,
त्यात तांबूस चमकीचे तीन कण.
"पुढच्या वर्षी घासून काढू," अप्पा म्हणतात,
मागच्या वर्षीही म्हणाले होते,
आणि कान तिकडेच ठेवून
प्रसादाची वाटी माझ्याकडे सरकवतात.